रेल्वेचं तिकीट, सोसायटीची खतावणी आणि जुन्या संगणक-भाषा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आपल्या ग्रुपवर गणपतीच्या आधी तिकिटांवरून जो गदारोळ झाला, त्यात एका वर्गमित्रानं मला जाहीर विचारलं होतं, "गो बाय, तुमी एवढे कम्प्युटरवाले, मगे तां रेल्वेचा जुना सॉफ्टवेअर बदलूक काय होता?" प्रश्न रागात विचारलेला असला तरी चांगला आहे. बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी नोकरी गेली आणि तिथेही दर चार-सहा महिन्यांनी कोणी ना कोणी नवा साहेब हेच विचारायचा. जुनी भाषा कशाला ठेवलीत, नवीन का नाही आणत?

आधी दोन मिनिटं भाषा म्हणजे काय ते सांगते, म्हणजे ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांना पुढचं जड जाणार नाही. संगणक हा अतिशय आज्ञाधारक पण स्वतःची अक्कल नसलेला कारकून आहे. त्याला कामं लिहून द्यावी लागतात. ह्या खात्यावर अमुक दरानं व्याज लाव, खातेदार साठीच्या वरचा असेल तर अर्धा टक्का जास्त लाव, वगैरे. ज्या भाषेत हे लिहायचं ती प्रोग्रॅमिंगची भाषा. १९५७ साली फोर्ट्रान आली, ती मुख्यतः शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीसाठी. १९५९-६० मध्ये कोबोल तयार झाली, ती हिशेबासाठी. सत्तरच्या दशकात सी आली, नव्वदच्या दशकात जावा. आता मुलं पायथॉन शिकतात. कपड्यांच्या फॅशनसारखं हे बदलत जातं असं बाहेरून वाटतं. आत मात्र कोबोल आणि फोर्ट्रान अजून कामावर आहेत.

आता रेल्वे. आपल्याकडे कॉम्प्युटरवर आरक्षण पहिल्यांदा १९८५ साली दिल्लीत सुरू झालं. रेल्वेनं सीएमसी ह्या सरकारी कंपनीबरोबर ती यंत्रणा तयार केली होती. १९८६ मध्ये रेल्वेनं ह्या कामासाठी 'क्रिस' नावाची स्वतःची संस्था काढली आणि तिनं 'कॉन्सर्ट' नावाची सुधारित यंत्रणा १९९४ मध्ये सिकंदराबादला चालू केली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली. मुंबईच्या खिडकीवर बसून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढता येऊ लागलं ते ह्याच्यामुळे. ह्यातले मूळ प्रोग्रॅम फोर्ट्रान आणि सी ह्या भाषांत लिहिलेले आहेत आणि ते डिजिटल नावाच्या अमेरिकन कंपनीच्या मशीनांसाठी लिहिलेले होते.

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. म्हणजे आपल्या कणकवलीला गाडी थांबायला लागायच्या आधीपासून ते प्रोग्रॅम कामाला होते. त्यांना आपली लाईन नंतर शिकवावी लागली. काय काय शिकवावं लागलं असेल ते बघा. रोह्यापासून पुढच्या कोकण रेल्वेच्या टप्प्यात भाडं आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरतात. आपण दादरहून कणकवलीचं तिकीट काढतो तेव्हा प्रवासाचा एक भाग एका नियमानं आणि उरलेला दुसऱ्या नियमानं मोजला जातो. हे कुठल्याही भाषेच्या पुस्तकात नाही. ते कोणीतरी बसून त्या प्रोग्रॅममध्ये घातलं आहे.

आणि आपली आंगणेवाडी. भराडी देवीच्या यात्रेला रेल्वे दरवर्षी खास गाड्या सोडते. पण यात्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. देवीचा कौल झाल्यावरच ती ठरते आणि मग जाहीर होते. म्हणजे जी गाडी वेळापत्रकात नाही, जिची तारीख वर्षाच्या सुरुवातीला कोणालाच माहीत नाही, ती गाडी मध्येच उभी करायची, तिला डबे द्यायचे, थांबे द्यायचे, भाडं लावायचं आणि खिडकीवर तिकीट मिळायला सुरुवात करायची, ही सोय त्या यंत्रणेत असावी लागते. देशभरात अशा किती जत्रा, किती उरूस, किती परीक्षा आणि किती निवडणुका असतील ते तुम्हीच मोजा.

ह्याच्यावर दर दोन-चार वर्षांनी नवे नियम चढत जातात. डिसेंबर १९९७ मध्ये तत्काळ आलं. एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली, आणि इथे बसलेल्या बऱ्याच जणांना अजून ती झोंबते आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळला आधारची पडताळणी लागते. शिवाय बायकांचा कोटा, मधल्या स्टेशनांचा कोटा, आरएसी, वयस्कर माणसाला जमेल तर खालचा बर्थ. हे सगळे नियम एकमेकांत अडकलेले आहेत. एकाला धक्का लावला की दुसरा हलतो.

म्हणून माझ्या वर्गमित्राला पहिलं उत्तर असं: रेल्वेला फोर्ट्रानचं प्रेम नाही. पण चाळीस वर्षांचे नियम, अपवाद आणि अपवादांचे अपवाद ज्या एका ठिकाणी नेमके आणि पूर्ण लिहिलेले आहेत, ती जागा म्हणजे तो जुना प्रोग्रॅम. परिपत्रकं फाईलींत असतील, पण परिपत्रकाचा अर्थ प्रत्यक्षात कसा लावला ते प्रोग्रॅमलाच ठाऊक. भाषा बदलायची म्हणजे ते सगळं पुन्हा शोधून काढायचं, समजून घ्यायचं आणि नव्यानं लिहायचं. नवीन भाषेत लिहिणं हा त्यातला सोपा भाग. शोधून काढणं अवघड.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते, बँकेचं नाव घेत नाही. बचत खात्यावरच्या व्याजाचा जुना नियम इथल्या बँकवाल्यांना आठवत असेल. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक, तिच्यावर व्याज. रिझर्व्ह बँकेनं तो १ एप्रिल २०१० पासून बदलून रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावलं. तेव्हा आम्ही त्या बँकेचा कोबोलमधला व्याजाचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचत होतो. त्यात चार ओळी अशा सापडल्या की ठराविक क्रमांकांच्या खात्यांना वेगळीच वागणूक. का, ते कुठेही लिहिलेलं नाही. आमची तिघांची दोन आठवडे डोकेफोड झाली. शेवटी त्या बँकेतले निवृत्त हेडक्लार्क शोधून काढले आणि फोन लावला. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की ती खाती पूर्वी विलीन झालेल्या एका छोट्या बँकेची, आणि विलीनीकरणाच्या वेळी त्यांना तसा शब्द दिला होता. त्या चार ओळी चूक म्हणून आम्ही काढून टाकल्या असत्या, तर काही शे म्हाताऱ्या माणसांचं व्याज गुपचूप कमी झालं असतं आणि एकालाही कारण सांगता आलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग कधी बदलायचंच नाही का? बदलतात. पण बाहेरची बाजू लवकर बदलते आणि आतली उशिरा. दुकानाची पाटी, काऊंटर, दिवे दर पाच वर्षांनी नवे, गोदाम तेच. आयआरसीटीसीची वेबसाईट २००२ साली आली, २०१४ मध्ये ती नव्यानं बांधली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली, मग मोबाईलचं अ‍ॅप आलं. आपण फोनवर बोट लावतो ते नवीन भाषेत लिहिलेल्या गोष्टीला. पण बर्थ आहे की नाही हे शेवटी सांगणारी ती मागची जुनी यंत्रणाच. खिडकीवरचा बाबू आणि तुमचा फोन दोघंही तिलाच विचारतात.

आत बदल करायची पाळी कधी येते? माझ्या पाहण्यात तरी कोणी भाषा जुनी झाली एवढ्याच कारणानं पैसे काढत नाही. पायाखालचं मशीन जातं तेव्हा मात्र काढावेच लागतात. रेल्वेच्या यंत्रणेचं मशीन ज्या डिजिटल कंपनीचं, ती १९९८ मध्ये कॉम्पॅकनं घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली, आणि एचपीनं ज्या इटॅनियम चिपवर ही कार्यप्रणाली पुढे चालवली त्या चिपा देणं इंटेलनं २०२१ मध्ये थांबवलं. चाळीस वर्षांत तीन मालक झाले आणि मशीनच्या पिढ्या बदलल्या, त्यात फोर्ट्रानचा काही दोष नाही. दुसरं कारण माणसं. लिहिणारे निवृत्त होतात आणि नवीन मुलं त्या कामाकडे फिरकत नाहीत, कारण बायोडेटावर ते शोभत नाही. तिसरं कारण म्हणजे धंदाच इतका वाढतो की जुनं पुरत नाही.

रेल्वेच्या बाबतीत हे सगळं एकत्र आलेलं दिसतं. जून २०२५ च्या अखेरीस रेल्वे मंत्रालयानं जाहीर केलं की क्रिस नवीन आरक्षण यंत्रणा तयार करते आहे. तेव्हा मिनिटाला सुमारे ३२,००० तिकिटं निघत होती, ती क्षमता दीड लाखावर जाणार होती. चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांवर. मुदत दिली होती डिसेंबर २०२५. मला विचाराल तर मुदत पुढे गेली तरी मी रेल्वेला नावं ठेवणार नाही. घाई करून केलेलं काय होतं ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेत पाहिलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी त्यांनी सगळी खाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली. त्यानंतर १९ लाखांपर्यंत ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले, काही जण कित्येक आठवडे. २०२२ च्या अखेरीस तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. भाषा हा तिथे मुख्य मुद्दा नव्हता, पण हलवाहलवीची भीती काय असते ती ह्यावरून कळते. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेनं हेच काम नीट केलं, पण त्यांना पाच वर्षं लागली आणि एक अब्जाहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर गेले.

न बदलण्याचीही किंमत असते, तीही सांगायला हवी. एप्रिल २०२० मध्ये कोरोनात अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात बेकारी भत्त्याचे अर्ज एवढे वाढले की तिथल्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल येणारे स्वयंसेवक मागितले. चाळीस वर्षं जुनी यंत्रणा, आणि तिला हात लावू शकणारी माणसं घरी नातवंडांबरोबर. वर्षानुवर्षं डागडुजीचे पैसे वाचवले की असं होतं. आपल्याकडे घर दरवर्षी पावसाआधी शाकारायचं असतं. दहा वर्षं टाळलं तर मग नुसती कौलं परतून भागत नाही, वासेही बदलावे लागतात.

आणि गंमत म्हणजे ह्या जुन्या भाषांवर आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं उभी राहिली. टाटा कन्सल्टन्सीनं १९७४ साली अमेरिकेतल्या बरोज कंपनीसाठी जे काम घेतलं ते रुग्णालयाचा हिशेब एका प्रकारच्या कोबोलमधून दुसऱ्या प्रकारच्या कोबोलमध्ये नेण्याचं होतं, आणि ते मुंबईत बसून केलं. मग १९९८-९९ ची ती दोन हजार सालची धावपळ. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले, कारण एकेकाळी जागा महाग होती. २००० साल उजाडलं की मशीन ते १९०० समजणार. ते दुरुस्त करायला अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्ररात्र दिवे जळत होते. त्या बसमधून उतरणाऱ्यांत मालवण, देवगड, कुडाळची मुलं-मुली पुष्कळ होती, मी त्यांतलीच एक. त्यामुळे कोणी कोबोलला हसलं की मला राग येतो, हे मान्य करते.

ग्रुपवर ज्यांना वाटतंय की नवीन सॉफ्टवेअर आलं की गणपतीचं तिकीट मिळेल, त्यांना मात्र निराश करावं लागणार. मिनिटाला दीड लाख तिकिटं निघाली तरी गाडीतले बर्थ तेवढेच. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी आपली लाईन बहुतेक एकेरी आहे. आठ वाजता जी यादी एका मिनिटात भरते, ती नव्या यंत्रणेत दहा सेकंदांत भरेल. साईट अडकली म्हणून तिकीट गेलं, ही सबब तेवढी जाईल.

आता थोडं जवळचं बोलते, आणि खरं तर ह्याच्यासाठीच मी हा विषय नाकारला नाही. रेल्वे मोठी आहे, तिच्याकडे क्रिस आहे. गावागावांतल्या पतपेढ्या आणि विकास सोसायट्यांकडे काय आहे? नव्वदच्या दशकात किर्द-खतावणी कॉम्प्युटरवर गेली ती बहुतेक ठिकाणी फॉक्सप्रोत. कणकवली-कुडाळचा कोणी एक हुशार मुलगा प्रोग्रॅम लिहून देई, वर्षाला देखभालीचे पैसे घेई. ते चांगलं चालत असे, अजून काही ठिकाणी चालतं. पण फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. २००७ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की पुढची आवृत्ती निघणार नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही बंद केला. कोबोल कोणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून ती साठ वर्षं टिकली. फॉक्सप्रोचा एकच मालक, त्यानं दुकान बंद केलं की संपलं. तिथे सोसायटीला कोणी विचारलं नाही.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, २,५१६ कोटींचं, नाबार्डमार्फत, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. योजना मला योग्य वाटते. तालुक्यातल्या एका माणसावर शे-दीडशे शेतकऱ्यांचा हिशेब अवलंबून राहणं बरं नाही. पण जुनी माहिती नव्यात भरताना काय होतं, ते मी बँकांत आयुष्यभर पाहिलं आहे. एकाच सभासदाची दोन नावं, एकदा आडनावानं आणि एकदा वाडीच्या नावानं. वारस लागलेले, पण खातं अजून आजोबांच्या नावावर. आणि कर्जमाफ्या: २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची दीड लाखांपर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, जिला ३० सप्टेंबर २०१९ ची थकबाकी धरली होती. प्रत्येकीचे निकष वेगळे. कोणाचं किती माफ झालं, कोणाचं अर्धवट राहिलं, कोणी आधीच भरल्यामुळे प्रोत्साहनाची रक्कम मिळाली, ह्या नोंदी काही फॉक्सप्रोत, काही वहीत आणि काही फक्त सचिवांच्या डोक्यात. नवीन सॉफ्टवेअर सुरुवातीची शिल्लक मागतं. ती कशी आली ते विचारत नाही. चुकीची शिल्लक एकदा आत गेली की ती छापील होते, आणि छापील आकड्याशी शेतकरी भांडू शकत नाही.

त्या हेडक्लार्कना आम्ही फोन लावू शकलो, कारण ते हयात होते आणि त्यांना आठवत होतं. ह्या मांडवात सोसायटीत, जिल्हा बँकेत, तहसीलमध्ये काम करून निवृत्त झालेले निदान पाच-सहा जण मला समोर दिसताहेत. दोन गुरुजी सोसायटीचे संचालक होते. जुन्या वह्या कपाटात असतील त्या रद्दीत देऊ नका. जिथे जिथे माहिती भरायचं काम चालू आहे तिथे डेटा भरणाऱ्या पोराच्या शेजारी एक दुपार बसा. त्याला कॉम्प्युटर येतो, कर्जमाफीचा शेरा कोणत्या पानावर आणि का मारला ते त्याला माहीत नाही. तो विचारणारही नाही, कारण त्याला दिवसाला ठरलेली खाती भरायची असतात.

मी परवापर्यंत मसुऱ्यात आहे. जेवणानंतर ज्यांना ह्याबद्दल बोलायचं असेल त्यांनी ग्रंथालयाच्या खोलीत यावं. शिल्लक जुळवून बघायचा एक साधा तक्ता मी लिहून आणला आहे, त्याच्या प्रती काढल्या आहेत. आणि मुलांना कोणती भाषा शिकवायची हे विचारणारे जे चार-पाच पालक आहेत, तेही तिथेच या, पण त्यांचा नंबर सोसायटीवाल्यांच्या नंतर.